रिकामा पाय

४ जानेवारी, साम नुआ
पोचले एकदाची! वळणावळणाच्या रस्त्यात बसमधली शेजारीण माझ्या अंगावर ओकली नाही, एवढंच माझं पुण्य. रुग्णालय टेकडीवर, दुपारपर्यंत धुक्यात. भूल देणारी डॉक्टर इथं पहिलीच मी. बुआखाम नावाची नर्स आहे, पन्नाशीची, भारी बडबडी. आल्याआल्या चिकट भात आणि भाजल्या मिरचीची चटणी पुढ्यात ठेवून म्हणाली, "आधी जेवा डॉक्टरीणबाई, वाऱ्यानं उडून जाल." सोमलितला जाऊन वर्ष व्हायचंय. इथं कुणाला सांगितलं नाही. मी कुणाची बायको होते हे ज्यांना माहीत नाही, त्यांच्यात बरं वाटतं.

९ जानेवारी
नवं सोनोग्राफी यंत्र आज चालवलं. येन आजींच्या पावलाला मधुमेहाची चिघळलेली जखम. हृदय अधू, पूर्ण भूल झेपली नसती. गुडघ्यामागे प्रोब टेकवला. पडद्यावर नस दिसली, मधाच्या पोळ्यासारखी. सुई तिच्या कडेला नेऊन औषध सोडलं, नसेभोवती काळं कडं पसरलं. हळूहळू पाऊल बधिर. जखम साफ होत असताना आजी शेजारणीच्या चहाड्या सांगत होत्या. मधेच म्हणाल्या, "अगं, अंगठा कोण ओढतंय माझा? झोपलेल्याला उठवावं तसा?"
सगळे हसले. मला हसता आलं नाही. सोमलित मला रोज असंच उठवायचा. पांघरुणात हात घालून पायाचा अंगठा ओढायचा.
बधिर पायात असले भास होतात.

१३ जानेवारी
थावोन मास्तरांचा घोटा मोडलेला. पाय बधिर झाल्यावर म्हणाले, कुणाचा तरी गार हात लागतोय. "आणि विचारतोय, उठलीस का? बाईमाणूस समजतोय हो मला!"
सोमलित अंगठा ओढून रोज हेच विचारायचा. नंतर बुआखामला सोमलितचं सगळं सांगितलं. ती रडली. म्हणाली, अंगात बत्तीस जीव असतात. तुम्ही पाय बधिर केलात की त्या पायाचा जीव बाहेर पडतो. रिकाम्या घरात कुणीही शिरतं, बाई.

१५ जानेवारी
मास्तरांचा पाय अजून बधिर. औषध केव्हाच उतरायला हवं होतं. आजींचाही तसाच, टाचणी टोचली, कळलंसुद्धा नाही. पडद्यावर दोघांच्या नसा धडधाकट. बुआखामनं घोट्यांना पांढरे दोरे बांधून जीवाला हाका मारल्या. काही नाही. मास्तरांची बायको माझा हात सोडत नव्हती. "चालतील ना हो हे? शाळा डोंगरावर आहे."

१६ जानेवारी
मास्तर रडतात. म्हणतात, त्याला सांगितलं, मी ती नव्हे. तरी पायाशी बसून आहे. तिला बोलवा.
मी जवळच आहे, आणि त्याला दिसत नाही— आंधळ्यासारखा चाचपत, एकेका पायात—
सोमलित, ती म्हातारी आहे रे. सोड तिला.

१७ जानेवारी, दुपार
बुआखाम नको म्हणाली. दार लावून घेतलंय. कुशीवर वळून, गुडघा वाकवून, प्रोब धरला. माझीही नस तशीच, पोळ्यासारखी. औषध सोडलं.

टाच गेली. बोटं गेली.

आला. अंगठा— तोच हात. तसाच ओढतो, दोनदा, मग थांबून एकदा—

बाहेर आरडाओरडा. आजींनी पाय हलवला. मास्तर बोंबलताहेत, दुखतंय म्हणून. दुखतंय! सुटले—

उठले रे मी. बघ, उठले—

आता ओढत नाही. थोपटतोय. नीज म्हणून—

गुडघ्याच्या वर आला हात. औषध इतकं वर जात नाही— मांडी— कंबर—

किती गार झालाय रे तू

बुआखाम दार ठोठावतेय, लांबून ऐकू येतं. सांगायचंय तिला, माझी चूक नव्हे, त्याचीही— तो फक्त मला

हात जड— लेखणी