‘सत्यवती’ पांढरी पडली त्याची हकीकत

तीर्थस्वरूप चारुदत्तमामांस,

पनवेलहून शैलेशचा वाकून नमस्कार. मामींच्या गुडघ्याला उतार पडला का? तुमची बीपीची गोळी सकाळची की रात्रीची हे आभाला नक्की आठवत नाही. जी कुठली असेल ती घेऊन, खुर्चीत नीट टेकून मगच पुढे वाचावं. फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर माझ्या दुसऱ्याच वाक्याला तुम्ही ‘गाढवा’ म्हणता आणि तिसरं वाक्य राहून जातं. या खेपेला तिसरं वाक्य महत्त्वाचं आहे.

आमच्याकडे बारा वर्षं मासळी घेऊन येणाऱ्या सत्यवतीबाई तुम्हाला आठवत असतील. (मागे तुम्ही पापलेटाची घासाघीस करायला बाहेर आलात आणि त्यांनी ‘मास्तर, तुमी आत बसा’ म्हणून तुम्हाला घरात घातलं, त्याच.) त्यांचे यजमान काशिराम उरणकडचे. त्यांची होडी, तिचंही नाव ‘सत्यवती’, गेल्या साली विकून टाकावी लागली. काशिरामांच्या पाठीने दगा दिला आणि मुलगा कंटेनर यार्डात लागला. तेव्हापासून बाईंचं बोलणंच आटलं. पूर्वी जिन्यातून आवाज आला की तीन मजल्यांना कळायचं, आता बेल वाजवतात. मे महिन्यात काशिराम एकटेच आले, होडीचे चार जुने फोटो माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, ‘भाऊ, तिची बारकी करून द्या. नारळी पुनवेला पुजायला होरी नाय घरात.’ मी हो म्हणालो. मामा, मी माणसांना हो का म्हणतो?

काम तुमच्या शिकवणीप्रमाणेच केलं. दीड फुटाची होडी, निळं अंग, लाल पट्टा, आणि पुढच्या बाजूला तीन केसांच्या ब्रशने श्वास रोखून काढलेलं नाव. आभा म्हणाली, झालं की आता, देऊन टाका. पण होडी चकाकत होती! आणि ‘चकाकतं ते खेळणं’ हे तुमचं वाक्य माझ्या कानात लहानपणापासून बसलंय. शिवाय समोर शोकेसवर तुम्ही बनवलेली छोटी आगबोट. (मामींनी पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिला थारा दिला नाही, म्हणून आमच्याकडे आहे ती.) तिच्यावरचे वार्निशचे ते आठ पातळ हात, तो मऊ कोरडेपणा, जणू खरंच लोखंड. पिसाचं झटकणंसुद्धा तिला लावायचं नाही ही तुमची ताकीद. तिच्याकडे बघितलं आणि ठरवलं, आपणही चकाकी घालवणारं मॅट वार्निश मारायचंच.

आता गाढवपणा ऐका. नऊ दिवस पाऊस थांबला नव्हता. शेजारच्या जनीताईंना स्प्रेच्या वासाने मळमळतं, म्हणून मी हॉलच्या खिडक्या घट्ट लावल्या. आणि हॉलमध्ये, श्रावणात पनवेलमधल्या प्रत्येक घरात असतं तेच होतं: या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, त्यांवर दोन चादरी, कोमलचे शाळेचे गणवेश, माझ्या पँटी, सगळं पंख्याखाली ओलंगच्च. त्या चादरींच्या मधोमध स्टुलावर होडी ठेवून मी डबा न हलवता, जवळून, एक हात मारला. जरा कमी वाटला म्हणून तो वाळायच्या आत दुसरा मारला. दहा मिनिटांत ‘सत्यवती’ तांदळाच्या पिठीत घोळल्यासारखी पांढरी पडली. निळं गेलं, लाल गेलं, नाव तर दिसेनाच. पुनव चार दिवसांवर, आणि काशिरामांच्या होडीला मी कफन घातलेलं!

मग उपाय. कोमलच्या केस वाळवायच्या मशीनने वारा दिला, तर डोलकाठी वाकली. सायबर कॅफेत जाऊन परदेशी मॉडेलवाल्यांना विचारलं. त्यातल्या एका सज्जनाने उलट विचारलं, तुमच्याकडे हवेत दमटपणा किती? मी ‘पनवेल, ऑगस्ट’ असं कळवलं. त्यानंतर त्याचं उत्तर नाही. आभाचा मोबाइल मागे तांदळात ठेवून सुधारला होता, म्हणून होडी रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरली. वार्निश अजून चिकट होतं हे सकाळी कळलं. (डेकवर दोनेकशे दाणे घट्ट बसलेले बघून आभा म्हणाली, राहू द्या, जवळा पकडलाय असं सांगू. मामा, अशा वेळी या बाईला विनोद सुचतो.) ते चिमट्याने काढले. मग गावातली सगळ्यांत कोरडी जागा म्हणजे एसी असलेलं एटीएम, तिथे होडी छातीशी धरून वीस मिनिटं उभा राहिलो. वॉचमनने आधी विचारलं, मग संशय घेतला, शेवटी हाकलून दिलं. होडी जशीच्या तशी पांढरी. दोन रात्री मला झोप नाही. एकदा वाटलं, पुसून नव्याने रंगवू. एकदा वाटलं, कर्नाळ्याला पळून जाऊ.

आणि पुनवेच्या आदल्या दिवशी दोघंही दारात! मला वाटलं होतं मी नेऊन द्यायची आहे. ते एसटीने न्यायलाच आले. काशिरामांनी होडी पाहिली आणि टोपी काढून हातात घेतली. मी दमट हवेबद्दल कायकाय बरळत होतो. बाई जवळ गेल्या, कान पिळावा तशी होडीची कड चिमटीत धरून बघितली आणि म्हणाल्या, ‘पांढरी नाय ती. सुकली हाय. तेल आण गो आभा.’ आभाने खोबरेल आणलं. बाईंनी पदर खोचला, बोटभर तेल घेतलं आणि अंगठ्याने चोळायला लागल्या. मामा, अंगठा फिरला तिथे निळं वर आलं! मग लाल पट्टा, मग नाव. बाईंना वाचता येत नाही, पण ‘स’ दिसल्याबरोबर म्हणाल्या, ‘हा मीच हाय.’ आणि मग बोलायला लागल्या त्या थांबेचनात. दर साली हंगामाआधी होडी किनाऱ्यावर ओढायची, खरवडायची, तेल पाजायचं, ते काम त्यांचं. औंदा हात रिकामे होते. त्यांचा आवाज तीन मजल्यांना गेला असेल. काशिराम भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि मीही रडलो, उगाच कशाला लपवू.

पुनवेला तिला नारळ वाढवला, हळदकुंकू लावलं. सगळं पार पडलं. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
शैलेश

ता. क. खोबरेलामुळे होडी आता भयंकर चकाकते. काशिराम सगळ्यांना सांगतात, हे भाऊंच्या मामांचं शिक्षण. कधी त्यांच्याकडे जाणं झालं तर कृपा करून ‘खेळणं’ हा शब्द तोंडातून काढू नका. हात जोडून विनंती.

ता. क. दुसरा. तुम्ही गणपतीला येताय, पण हवा फार वाईट आहे. दिवाळीत या ना. थंडी असते, हवा कोरडी असते, मॅटचे आठ हात मारायला मला वेळही मिळेल.

ता. क. तिसरा, म्हणजेच ते तिसरं वाक्य. त्या दिवशी मी चहा टाकायला आत गेलो तेव्हा बाईंची नजर शोकेसवर गेली, आणि वाटीत तेल उरलं होतं. त्यांनी निरोप दिलाय: ‘मास्तरांना सांग, तुमची होरी लई वर्सं सुकली होती, पोटभर पाजलं हाय.’