व्याहीबुवा, यंदा नदीकाठी घोडा आणू नका

सन्माननीय व्याहीबुवा जोलचुबेक यांस,

आत-बाशी गावाहून सुयुनबायचा सलाम. तुमची मेंढरं, घोड्या, शिंगरं आणि घरची माणसं (तुमच्याकडे हाच क्रम चालतो, म्हणून तसंच विचारतो) सुखरूप असतील अशी आशा आहे. विहीणबाईंच्या गुडघ्याला उतार पडला का? तुमच्या कुरणावर फोनला रेंज नाही हे एक बरंच झालं. असती तर पुढचं सगळं मी तुम्हाला ओरडून सांगितलं असतं, आणि ते आपल्या नात्याला शोभलं नसतं. आमच्या शेजारचा चोरो तुमच्याकडे पिठाची पोती घेऊन येतो आहे, त्याच्याबरोबर हे पत्र देतो. (आधी पत्र वाचा, मग पोती उतरवा.)

हल्ली मला राहून राहून आपल्या निवासी शाळेची ती डोंगराकडची खिडकी आठवते. वसंतावरची लांबलचक कविता म्हणायला तुम्ही उभे राहायचात, तिसऱ्या कडव्यावर हटकून अडकायचात आणि खिडकीबाहेर बघत बसायचात. मी मागून ओळ पुरवायचो. पुढे आयुष्यभर मी तीच कविता मुलांना शिकवली. नोकरी संपली की सफरचंदाच्या झाडाखाली बसून पाठ असलेल्या सगळ्या कविता एकदा निवांत म्हणून बघायच्या, एवढाच माझा बेत होता. त्या झाडाखाली सध्या सायकलची साखळी रॉकेलमध्ये भिजत पडली आहे.

तुमची बुरुल आमच्याकडे सून म्हणून आल्यापासून तिच्याबद्दल तक्रारीला जागा नाही. शाळेत मुलांना कवायत शिकवते, घरात सगळ्यांची मनं राखते. तक्रार आहे ती तिच्या सायकलबद्दल. डोंगरातल्या त्या लांबच्या शर्यतीची तयारी सुरू झाल्यापासून ही सायकल बैठकीच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीशी, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याच्या मानाच्या जागी उभी असते. कारण अंगणात दव पडतं आणि गोठ्यात गाय तिच्या मुठी चाटते. मी दाराशी, बुटांच्या शेजारी बसून चहा पितो. मध्यंतरी एक पाहुणे आले, त्यांनी रीतीप्रमाणे मानाच्या जागेकडे वळून सलाम केला आणि नंतर मला शोधलं. शिवाय वजनाचं खूळ. घरातली प्रत्येक वस्तू आता काट्यावर चढते. चमच्याचा दांडा कापला, दात घासायच्या ब्रशचा कापला, तुमची विहीण उल्कान चष्मा घालून जिथे जिथे वजन वाचवता येईल तिथे वाचवत असते. वर तीच सुनेच्या पिशवीत चोरून कणकेचे तळलेले बोरसोक भरते, बुरुल ते काढून मला देते, आणि सायकल हलकी होते आहे त्या मानाने मी जड होतो आहे.

अंगणाची गोष्ट तुमच्यापर्यंत नक्कीच भलत्या रूपात आली असेल, म्हणून खरी सांगतो. डोंगरातल्या थंडीची सवय व्हावी म्हणून बुरुल एप्रिलभर अंगणात झोपली. बर्फ पडत असताना, एका पिशवीत शिरून. आमच्या गल्लीला कुंपणं बुटकी. एके सकाळी गल्लीतले सगळे म्हातारे नव्या टोप्या घालून, हातात नान घेऊन दारात उभे. सासू-सुनेत समेट घडवायला आले होते. उल्कानला बसवून त्यांनी ऐकवलं की सून म्हणजे कुणाची तरी लेक असते, तिला जनावरासारखं बाहेर काढू नये वगैरे. उल्कानच्या हातून चहाची किटली पडली. मी परोपरीनं सांगितलं की ती हौसेनं बाहेर झोपते. त्यावर त्यांच्यातले थोरले असानाली माझ्याकडे अशा काही दयेनं बघायला लागले की मी आयुष्यभर शिकवलेली सगळी काव्यं व्यर्थ वाटली.

"सुयुनबाय, सुना आम्हीही आणल्यात," ते म्हणाले. "बाहेर काढलेली प्रत्येक सून हौसेनंच झोपते."

एवढ्यात त्या पिशवीतून तुमच्या लेकीनं डोकं बाहेर काढलं आणि आत फार उकडतं म्हणून सांगितलं. मग तर सगळ्यांचे डोळेच भरून आले. शेवटी न झालेल्या भांडणाच्या समेटासाठी आम्हाला खरं मेंढरू कापावं लागलं. असानालींनी सासू-सुनेला एकमेकींच्या गळ्यात पडायला लावलं. तेव्हापासून उल्कान माझ्याशी बोलत नाही. (तिचं म्हणणं, घरातला पुरुष शिक्षक असून त्याला चार म्हाताऱ्यांना साधी गोष्ट समजावता येत नाही.)

यानंतर बाईमाणूस एकटं डोंगरात नको, आणि मुलगा परगावी कामाला, म्हणून सरावाच्या फेरीला मला घोड्यावर बसवून मागे धाडण्यात आलं. सकाळ सुंदर होती, गवतावर कवितेतली ती चांदीची झाक होती, आणि मी नकळत आपली वसंताची कविता म्हणायला लागलो. चढावर सुनेच्या पायांना लय मिळेल असाही एक उदात्त हेतू होता. थोड्या वेळानं बुरुलनं अगदी अदबीनं विचारलं की बाबा, ही कविता चालत्या घोड्याची आहे का. मी हो म्हणालो. तिच्या चालीनं पाय मारले तर पहिलं बर्फ पडेस्तोवर पण पोचणार नाही, असं ती म्हणाली. मी कविता तिथेच थांबवली. पण खरी वाट लागली ती वाटेवरच्या मेंढपाळांच्या तंबूंनी. एकटी असती तर नानचा तुकडा मोडून तोंडाला लावला असता आणि पुढे निघाली असती, रीतीत तेवढं बसतं. पण मागे घोड्यावर पांढऱ्या दाढीचा मी. मला कोण तसंच जाऊ देणार? प्रत्येक तंबूशी मला उतरवायचे, मानानं बसवायचे, घोडीचं दूध पुढे करायचे. सासरा बसला म्हटल्यावर सुनेनं निघायचं कसं? आणि सून हजर असताना चहा दुसऱ्या कुणी ओतायचा कसा? डोक्याला हेल्मेट, गुडघ्याला कातडी टोप्या, अशा अवतारात पोर सगळ्यांना चहा देत फिरत होती. दिवस मावळायला आला तेव्हा खिंड तर राहोच, खिंडीचा पायथाही दिसला नव्हता. परत येताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही घरी राहिलात तर मी पोचेन." मला राग आला नाही. आजवर अनेकांनी मला घरी बस म्हणून सांगितलं, पण इतक्या मऊ आवाजात कुणी नाही.

आता तुमच्याकडे वळतो. बसा.

गेल्या वर्षी ही पोर गारांतून, चिखलातून, त्या सगळ्या उंच खिंडी ओलांडून आली होती. उरली होती फक्त तुमच्या कुरणासमोरची नदी आणि पुढचा उतार. शर्यतीचा नियम एकच, स्वाराला त्याच्या माणसांनी हात लावायचा नाही, वेगळी मदत करायची नाही. आणि काठावर तुम्ही उभे. दोन घोडे घेऊन! एकावर लेक, दुसऱ्यावर सायकल, असं पाण्यातून पार नेलंत, तिला तुमच्या मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळलंत, पुढ्यात मांस ठेवलंत. मागून येणाऱ्या एका परदेशी स्वारानं (बिचाऱ्यानं निव्वळ कौतुकापोटी) फोटो काढला आणि जो भेटेल त्याला दाखवला. बुरुलचं नाव बाद झालं. शरदात तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा मी हे काढलं, तर तुम्ही उलट मलाच विचारलंत, "माझी लेक माझ्या दारासमोर भिजेल आणि मी बघत बसू?"

होय, व्याहीबुवा. बघत बसा. कारण आमच्या शाळेमागे गाडी ठेवायची एक रिकामी खोली आहे. बुरुलला तिथे मुलींसाठी सायकली ठेवायच्या आहेत, शिकवायचं आहे. मुख्याध्यापक म्हणतात, जिला स्वतःला शर्यत पुरी करता येत नाही तिच्या नादी पोरींना कसं लावू? यंदा पोचली तर खोली तिची. नाही पोचली तर तिथे हिवाळ्याचा कोळसा भरणार. रोज संध्याकाळी चार-पाच पोरी आमच्या कुंपणाशी येऊन त्या मानाच्या जागेकडे बघून जातात. त्यांना कोळशाचं मी काय सांगू?

तेव्हा हात जोडून विनंती: ती येईल त्या दिवशी तुम्ही घोडे दूरच्या चराईला सोडा, तंबूचं दार लावा आणि आत बसा. ती भिजेल, थरथरेल, बहुधा पडेलसुद्धा. तुम्ही बाहेर यायचं नाही.

विहीणबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
सुयुनबाय

ता. क. हे पत्र बुरुलच्या नकळत लिहिलं आहे. तिला कळलं तर ती माझ्यावर रागावणार नाही, फक्त हसेल, आणि ते जास्त लागतं.

ता. क. तुमच्या शब्दाचा मला भरवसा नाही, म्हणून शर्यतीआधीच मी तुमच्याकडे येऊन राहतो आणि दाराला पाठ लावून बसतो. माझ्यासाठी काही कापू नका. (कापणारच असाल तर कोवळं बघा, माझे दात आता पूर्वीसारखे नाहीत.)

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात उल्कान पुष्कळ दिवसांनी माझ्याशी बोलली. तिनं विचारलं की खिंडीअलीकडचं शेवटचं दुकान सुटल्यावर पोर खाणार काय? मी आडून आडून बुरुलकडे चौकशी केली. ती म्हणाली, वाटेवर सगळ्या स्वारांसाठी सारखंच मांडलेलं असेल तर कुणीही खावं, त्याला हरकत नाही. व्याहीबुवा, वरची सगळी विनंती मागे घेतो. मोठी कढई काढा. नदीच्या अलीकडे, ऐन रस्त्यावर चूल मांडा आणि पहिला स्वार दिसल्यापासून शेवटचा जाईपर्यंत ती विझू देऊ नका. जर्मन येवो, जपानी येवो, प्रत्येकाला सारखा तुकडा, सारखा वाडगा. बुरुलला त्यांच्याइतकाच, रतीभरही जास्त नाही. तिला नावानं हाक मारायची नाही, विहीणबाईंनी गालाला हात लावायचा नाही. ती अनोळखी माणसासारखी आभार मानेल आणि स्वतःच्या पायांनी नदीत उतरेल. पलीकडच्या वळणाआड जाईपर्यंत तुम्ही कढई ढवळत राहायचं, मान वर करायची नाही. कुणी विचारलंच, तर धूर डोळ्यांत गेला म्हणून मी सांगेन. दोघांच्याही.