तबकडीत वाळलेली लेक

प्रिय जावईबापू,

सप्रेम नमस्कार. (खरं तर वयाच्या मानाने आशीर्वादच लिहायचा, पण या पत्रात पुढे कुठेतरी तुमच्याकडे एक विनंती आहे, आणि विनंती करणाऱ्याने आशीर्वाद देत सुरुवात केली की ते बरं दिसत नाही.) तुम्ही, आमची लेक आणि विहीणबाई, तिघांच्याही प्रकृती उत्तम असतील. असतील काय, आहेतच, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा. विहीणबाईंचे गुडघे काय म्हणतात? माझा रक्तदाब ठीक आहे, म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत होता. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. आमचा फोन तुमच्या सासूबाईंच्या खुर्चीला खेटून असतो, आणि मोबाईलवर मी बोललो की खालच्या मजल्यावरची माणसं उत्तरं देतात. शिवाय हे प्रकरण लेखीच बरं.

तर झालं असं. तुम्ही नव्या घरात राहायला गेलात, त्याचं चित्रण केलंत आणि 'डाउनलोड करून घ्या' असं कळवून आमच्याकडे पाठवलंत. मी लगेच करून घेतलं. (लगेच म्हणजे दोन दिवसांत. आमचं इंटरनेट माझ्याच वयाचं आहे.) पण बघायचं कशावर? मोबाईलवर माणसं मुंग्यांएवढी दिसतात असं तुमच्या सासूबाईंचं म्हणणं. संगणक आतल्या खोलीत, तिथे खुर्ची एकच, आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे. तेव्हा मी जाहीर केलं की लेकीचं घर आपण बाहेरच्या खोलीत, टीव्हीवर, आपल्या डीव्हीडी प्लेअरवर, माणसासारखे बसून बघू. हा प्लेअर मी स्वतः पारखून घेतलेला आहे. तुमच्या लग्नाच्या वेळी सामान आवरताना लेक म्हणाली होती, बाबा, हा आता देऊन टाका. मी दिला नाही. उलट जुन्या टेबलक्लॉथचं आवरण शिवून घेतलं. त्यामुळे आता माझ्या नव्हे, त्या प्लेअरच्या अब्रूचा प्रश्न होता.

फाईल जशीच्या तशी तबकडीवर उतरवली आणि तबकडी आत सरकवली. प्लेअरने बराच वेळ घरघर केली, 'हे आपल्याला जमणार नाही' अशा अर्थाचं इंग्रजीत काहीतरी दाखवलं आणि जीभ दाखवावी तशी तबकडी बाहेर काढली. आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना मी (मनातल्या मनात) सर्वज्ञ म्हणतो. त्यांना प्रत्येक विषयातलं पहिलं वाक्य येतं. ते म्हणाले की फाईल नव्या जातीची आहे, प्लेअर जुन्या वळणाचा, तेव्हा फाईल कन्व्हर्ट केली पाहिजे. कशी, असं मी विचारलं, तर त्यांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं.

मग मीच एक फुकटचं सॉफ्टवेअर शोधलं. तिथे एकाच पानावर डाउनलोडची अनेक हिरवी बटणं होती आणि त्यातलं एकच खरं होतं. ते सापडेपर्यंत संगणकात हवामान सांगणारा एक पोपट येऊन बसला होता. (अजून आहे. अंदाज चुकतो, पण नेमाने सांगतो.) सॉफ्टवेअर भराभर नव्व्याण्णव टक्क्यांवर पोहोचलं आणि तिथेच ठिय्या मारून बसलं. माझी हयात सरकारी नोकरीत गेल्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या खात्यात फाईलचं शेवटचं एक टक्का काम साहेब निवृत्त होईपर्यंत चालायचं. अखेर तबकडी झाली. लावली. आवाज पुढे आणि चित्र मागे. हसण्याचा गलका झाला तेव्हा सगळे गंभीर बसलेले, आणि सगळे तोंड उघडून हसायला लागले तेव्हा कुणाचा तरी खोकला. वर प्रत्येकाच्या कपाळावरून 'मोफत आवृत्ती' अशी इंग्रजी पट्टी. तुमच्या सासूबाईंनी ही कुणाची जाहिरात म्हणून विचारलं. मी तबकडी काढून घेतली.

दुसरं सॉफ्टवेअर आणलं. त्यात आवाज जुळला, पट्टी गेली, पण चित्राच्या वर आणि खाली दोन काळे पट्टे आले. आता तुम्हाला ठाऊक आहे की मी वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा मी दुकानाच्या पायरीवरून ओळखत असे. तो मी, माझ्याच घरात पडद्याचं कमी माप खपवून घेऊ? सबंध पडदा घेतला, तर सबंध पडद्यावर दिसलं पाहिजे! सॉफ्टवेअरमध्ये 'पडदा पूर्ण भरा' अशी सोय होती. तिच्यावर मी टिचकी मारली. इथेच माशी शिंकली.

संध्याकाळी तुमच्या सासूबाईंना समोर बसवलं. आधी मी थोडं बोललो. बिनचूकपणा, चिकाटी, आणि जुनी वस्तू टाकून न देण्याचं महत्त्व, असे मुद्दे होते. मग तबकडी लावली. पडदा काठोकाठ भरला. तुमच्या घराचं दार उघडलं ते मला जरा फटीसारखं वाटलं. त्या फटीतून तुम्ही बाहेर आलात, उंच, गालफडं बसलेले. मागून विहीणबाई. (त्यांच्या भरदार व्यक्तिमत्त्वाबद्दल मला आदरच आहे, पण पडद्यावर त्या बांबूसारख्या सरळ होत्या.) आणि मग आमची लेक आली, आणि तुमच्या सासूबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. किती वाळली हो माझी पोर, एवढंच त्या म्हणाल्या. रुंद चित्र आमच्या जुन्या टीव्हीच्या चौकोनी पडद्यात कोंबल्यामुळे माणसं दोन्ही बाजूंनी चेपली गेली होती, हे मला तोपर्यंत कळून चुकलं होतं. तोंडही उघडलं होतं. पण नुकताच मी बिनचूकपणावर बोललो होतो. मिटलं.

त्यानंतर जे निष्कर्ष निघाले ते असे की एकटी लेक वाळली असती तर सासुरवास म्हणता आला असता, पण ज्या अर्थी विहीणबाईसुद्धा वाळल्या आहेत, त्या अर्थी त्या घरात चूलच पेटत नाही. जावई दिवसभर ऑफिसात, लेक तिच्या ऑफिसात, आणि स्वयंपाकघराचा ओटा चित्रात स्वच्छ, म्हणजे बघाच. (तर्क म्हणून यात खोट काढता येत नाही, मापच चुकलेलं असलं म्हणजे काय होतं ते मी नोकरीत पाहिलं आहे.) दुसऱ्या दिवशी डबे भरायला सुरुवात झाली. गुरुवारी सकाळच्या गाडीने तुमच्या सासूबाई एकट्या तुमच्याकडे निघत आहेत. पत्र बुधवारी तुम्हाला मिळेल अशा बेताने टाकतो.

मी येत नाही. तुम्ही फोनवर 'कधीतरी या' म्हणाला होतात, ते माझ्या लक्षात आहे. पण 'कधीतरी' ही तारीख नव्हे, आणि तारखेचं बोलावणं आल्याशिवाय लेकीच्या घरी जाऊन बसायचं नाही हे माझं तत्त्व आहे. त्यावरून या घरात मधून मधून खटके उडतात, ते असो. विहीणबाईंना नमस्कार. लेकीला आशीर्वाद.

तुमचा,
सासरा

ता.क. विनंती राहिली. सासूबाई आल्या की सगळ्यांनी मान खाली घालून सांगायचं की हो, मध्यंतरी जेवणाखाण्याची आबाळ झाली खरी, पण आता सुधारणा आहे. तेवढ्यावर मिटेल. जावयाने सासऱ्यासाठी एवढा आळ अंगावर घ्यायला हरकत नसावी. विहीणबाईंना मात्र त्या सडपातळ दिसल्या एवढंच सांगा, पुढचं नको.

ता.क. २. वरची विनंती रद्द समजावी. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो, तेव्हा तुमच्या सासूबाई डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "चित्र चेपलं गेलंय हे लिहिलंत ना जावईबापूंना?" मी कोणतं चित्र, असं करून पाहिलं. त्यावर म्हणाल्या, "त्यांच्या भिंतीवरचं गोल घड्याळ अंड्यासारखं दिसत होतं. एवढी वर्षं निरीक्षकाच्या घरात काढली, मला मापातलं कळत नाही होय? पण तुमच्या त्या तारखेच्या बोलावण्याची वाट बघत राहिले असते तर पोर कधी दिसली असती?" मग त्या दिवशी रडलीस कशाला, असं मी विचारलं. "दिसली म्हणून," एवढं बोलून त्या पुढच्या डब्याकडे वळल्या.

ता.क. ३. बुधवारी हे पत्र मिळताच फोन करावा आणि एखादी तारीख सांगावी. गुरुवार असला तरी चालेल. फोन मीच उचलेन, सासूबाईंच्या खुर्चीत आतापासूनच बसलो आहे. लेकीला म्हणावं, सगळे बसून नीट बघू, प्लेअर सोबत घेऊन येतो. फक्त तुमच्या टीव्हीला मागे प्लेअरच्या वायरी खोचायला लाल, पिवळं आणि पांढरं अशी तीन भोकं आहेत का, तेवढं बघून ठेवा.