आत्मविश्वास: आधी आणि नंतर

१ मार्च
आजपासून रोजनिशी. तरुणांच्या उपक्रमांचं मूल्यमापन करणाऱ्या माणसाने स्वतःची नोंद ठेवू नये, हे बरं दिसत नाही.
नवं काम: गॅरेजवरच्या दोन खोल्यांतलं युवा केंद्र. संध्याकाळी पोरंपोरी जमतात, गोल करून बोलतात, भांडतात, नाटुकली करतात. याने आत्मविश्वास वाढतो म्हणे. वाढतो का, ते मी सांगणार. पद्धत सोपी. सुरुवातीला प्रश्नावली, शेवटी तीच प्रश्नावली. ‘मी माझं मत न घाबरता मांडतो’, एक ते पाच. मग वजाबाकी. माणूस खोटं बोलेल, वजाबाकी बोलत नाही.
संकल्प: दर आठवड्याला केंद्रात प्रत्यक्ष जाऊन बसायचं.

४ मार्च
पहिले फॉर्म आले. सगळीकडे पाच. न घाबरता बोलतो? पाच. घरी मनातलं सांगतो? पाच. भिंतीला चिकटून बसलेल्या पोरांनीसुद्धा पाच, असं केंद्राच्या ताई फोनवर म्हणाल्या. (मी गेलो नव्हतो. पाठ धरली होती.) उत्तम पिढी आहे.
हिने मला न विचारता कन्येचं नाव केंद्रात घातलं. पोरगी पंधरा वर्षांची, घरात असून नसल्यासारखी. हो बाबा, बरं बाबा, चहा ठेवू का बाबा. हिचं म्हणणं, एवढी गप्प आहे म्हणजे काहीतरी आहे. काही नाही. काही लोकांना शांतता सोसत नाही.
कन्येने विचारलं, मीही फॉर्म भरू का? नाही म्हटलं. मूल्यमापकाची मुलगी! उद्या कोणी माझ्याकडे बोट दाखवायला नको.

३० मार्च
केंद्रात जाणं झालं नाही. एकदा पाठ, एकदा पाहुणे, एकदा मूड. आणि नीट विचार केला, तर मी गेल्यावर पोरं माझ्यासाठी वेगळी वागणार. तेव्हा न जाणं हेच शास्त्रशुद्ध. संकल्प मोडलेला नाही, सुधारलेला आहे.

१७ एप्रिल
भाजी कशी झालीय, असं हिने विचारलं. कन्या म्हणाली, खारट. मी घास तसाच धरून बसलो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. ही चक्क हसली, म्हणाली, अगं बाई, आहेच मुळी खारट! यात हसण्यासारखं काय?
भाजी खारट होती. तो मुद्दा नाही.

२ मे
जेवताना कन्या म्हणाली, मला बाळ्याकाकांच्या क्लासला जायचं नाही. बाळ्या माझा शाळेपासूनचा दोस्त. गणितात त्याचा हात धरणारा कोणी नाही. का, म्हटलं. म्हणाली, उत्तर चुकलं की पट्टी उभी करून बोटांवर मारतात, रडलं की सगळ्यांसमोर पुन्हा. मी म्हटलं, आम्ही छड्या खाल्ल्या, आमचं काय बिघडलं? कन्या माझ्याकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ.
ही म्हणाली, उद्या जाऊन त्याला चांगला फैलावर घेते. तू थांब, म्हटलं, मित्र माझा आहे, मी बघतो. बाळ्याला फोन केला. म्हणाला, अरे लेका, थोडा धाक लागतोच. पटलं. मग जुन्या गोष्टी निघाल्या. छान गप्पा झाल्या. क्लास चालू.

२८ मे
शेवटचे फॉर्म. धक्का. न घाबरता बोलणं: पाचावरून अडीच. घरी मनातलं सांगणं: दोन. केंद्राने पोरांचा आत्मविश्वास निम्म्यावर आणला!
ताईंना विचारलं. म्हणाल्या, साहेब, पहिल्या दिवशी ही पोरं घाबरून पाच लिहीत होती. दोन लिहिलं तर कोण रागावेल, याची भीती. आता दोनला दोन म्हणतात. तेवढंच तर शिकवलं आम्ही. एकदा या हो, बसा त्यांच्यात, विचारा. मी म्हटलं, ताई, भावना ग्राफमध्ये बसत नाहीत. वाक्य चांगलं जमलं. रिपोर्टात घालावं.
घरचा पुरावा आहेच. कन्या नाही म्हणायला शिकली. हा मात्र रिपोर्टात घातला नाही. निःपक्षपातीपणा.

१२ जून
रिपोर्ट दिला. उतरता ग्राफ लाल रंगात, फार देखणा. केंद्रांना पैसे देणाऱ्या संस्थेचे साहेब म्हणाले, तुम्ही आमचे डोळे उघडलेत. अजून बरीच केंद्रं तपासायची आहेत. म्हणजे मीच.

३० जून
केंद्राला कुलूप. कन्या दोन दिवस खोलीत होती. मग आपणहून उठली, क्लासला गेली. आता रोज जाते. तक्रार नाही. हो बाबा, बरं बाबा. घर पूर्वपदावर. हिने माझ्याशी बोलणं टाकलंय, त्याचं कारण वेगळं असावं.
साहेबांचा निरोप: माझा रिपोर्ट वाचून सगळीच केंद्रं बंद करताहेत. त्यामुळे तपासायला काही उरलं नाही. आभार मानलेत.

८ जुलै
कन्येचं बोट सुजलंय. दारात सापडलं म्हणाली. धांदरट. बर्फ लाव म्हटलं. बरं बाबा.

९ जुलै
बोट निळं पडलं. ही तिला दवाखान्यात घेऊन निघाली. मीही गेलो.
डॉक्टरीणबाईंनी बोट हळूच हलवलं, विचारलं, किती दुखतंय, शून्य ते दहात सांग बघू. मनात म्हटलं, वा, आपलीच पद्धत. कन्येने माझ्याकडे बघितलं, म्हणाली, शून्य. मी बाईंना म्हटलं, बघा, किरकोळ आहे.
बाईंनी एक्स-रे उजेडात धरला. दोन ठिकाणी मोडलंय. हे काल-परवाचं, हे जुनं. म्हणाल्या, यात शून्य कसं येईल? मी म्हटलं, तिचं उत्तर आहे, आपण कसं बदलायचं? तेव्हा ही बोलली. किती दिवसांनी बोलली, तेही माझ्याशी नाही. म्हणाली, हे इथे उभे आहेत तोवर ती शून्यच सांगणार.
बाई मला म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर बसता का?
बाकावर बसलो. दार लागलं. आधी काहीच ऐकू येईना. मग कन्येचा आवाज. शब्द कळत नव्हते. थांबत नव्हती. मध्येच रडली, आणि रडता रडताही बोलतच होती. एवढं बोलता येतं तिला.
नर्स जाता जाता म्हणाली, आतल्या मुलीचे कोण तुम्ही? वडील, म्हटलं. मग बाहेर का बसलात, म्हणाली.