पाव पाणीच बदलायचं

निरंजन,

मी खडकीला विजूमावशीकडे निघाले आहे. तिचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले आणि मी रोज नुसती फोनवर विचारपूस करते आहे. तुला विचारलं की तू म्हणतोस, "पुढच्या आठवड्यात जा ना आई, माशांकडे कोण बघणार?" म्हणून आज विचारलं नाही.

माशांच्या टाकीतलं पाव पाणीच बदलायचं, सगळं नाही. बाल्कनीत दोन बादल्या कालपासून भरून ठेवल्या आहेत. त्यातलं क्लोरीन उडून गेलं असेल, तेच पाणी घाल. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळ, नळाखाली धरू नकोस. दिवाळीनंतर मी एक रात्र बाहेर राहिले, तेव्हा तू तो नळाखाली चकचकीत धुतलास, पाणीही सगळं बदललंस आणि सकाळी चार मासे मरून वर तरंगत होते. "आई नसली की हे असं होतं," असं तू केतकीला माझ्यासमोर म्हणालास. त्यानंतर मी कुठे गेले नाही.

खाणं चिमूटभरच टाक. पाणी गढूळ दिसलं तर एक दिवस उपाशी ठेव, त्यांना काही होत नाही.

आठ दिवसांसाठी ये म्हणाला होतास, त्याला चौदा महिने झाले. मी रविवारी संध्याकाळी येईन. दार ओढून घेतलं आहे. या घराची किल्ली तुम्ही मला कधी दिलीच नाहीत, तेव्हा मी येईन त्या वेळी दोघांपैकी एकाने घरी थांबा.

आई