मधातच झिजलेली गरारी

बाबा, तुमच्या ट्रॅक्टरची बॅटरी, टायर आधीच नवे टाकले होते, काल स्टेअरिंगही दुरुस्त करून घेतलं. तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं तो टिनाच्या शेडमध्ये उभाच होता, कोंबड्यांना बसायला. यंदा माहेरच्या वावराला भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळेना, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण तुम्हालाच सांगते. मला तुम्हाला एकदाचं खोटं पाडायचं होतं.

काकाचा तो दिवस आठवून आठवून मी थकली, बाबा. मी पोळ्याला माहेरी आलेली. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, वाऱ्याचा पत्ता नाही, आणि तुमचा लहाना भाऊ सकाळपासून लोकांच्या वावरात विषारी औषधाची फवारणी करत होता. दुपारी वावराच्या कडेला धुऱ्यावर बसला तो उठलाच नाही. तोंडाला फेस, नजर कुठच्या कुठे. गावातली जीप बाजाराला गेलेली. तुम्ही ट्रॉली जोडली, मी काकाचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपण घाटंजीच्या दवाखान्याकडे निघालो.

त्या स्टेअरिंगला केवढा प्ले होता! पार अर्धं फिरवावं तेव्हा कुठे पुढचे टायर हलायचे. एरवी तुम्हाला त्याचीच ऐट. "हा फक्त माह्या हाताले ओयखते," म्हणायचे. दुरुस्त करा म्हणून माय टोकायची, तर "कापूस घरात येऊ दे, मंग पाह्यतो." त्या दिवशी टॉप गिअर टाकला की ट्रॅक्टरचं तोंड नालीकडे, मग पुन्हा खालचा गिअर. मी मागून ओरडते आहे, "बाबा, जोरात घ्या ना!" आणि तुम्ही वळूनही न पाहता, "अवं, पलटी होईन ना!" एक सायकलवाला आपल्याला मागे टाकून गेला. पुलाच्या अलीकडे काकाची बोटं माझ्या हातात ढिली पडली. मला कळलं. तुम्ही दवाखान्यापर्यंत तसेच चालवत राहिले.

त्यानंतर तुम्ही ट्रॅक्टर चालवला नाही. फक्त संध्याकाळी सीटवर जाऊन बसायचे आणि स्टेअरिंग डावीकडे उजवीकडे रिकामंच हलवायचे. टक, टक. चुलीपर्यंत ऐकू यायचं. मी दर माहेरपणाला चिडायची. "कायले तेच तेच उगाळता? चांगलं असतं तरी काका वाचला नसता." तुम्ही म्हणायचे, "तुले नाही समजत." बस, तेवढंच, आणि पुन्हा टक टक. ते मनात घेऊनच तुम्ही गेले, याचा मला फार राग आहे, बाबा. आजही आहे.

तर काल मिस्त्रीनं घरी येऊन स्टेअरिंगचा बॉक्स खोलला. आतली गरारी, दात असलेली लोखंडी कोर, पुसून पोत्यावर ठेवली. दोन्ही टोकांचे दात जवळपास नव्यासारखे, मधातले तेवढे झिजून गुळगुळीत. "असंच होते ताई," तो म्हणाला. "वळणं थोडी, सरळ रस्ता लय. सरळ चालणाऱ्याची मधातच झिजते." मला तिथेच रडू फुटलं. मिस्त्री बिचारा गडबडला. "अवो, रडता काहून? नवीन टाकून राह्यलो ना!"

नवीन टाकून झाल्यावर मी एकटीच घाटंजीच्या रस्त्याला लागली. मागे रिकामी ट्रॉली जोडून. मला पाहायचं होतं, हे जुनं खटारं नव्या गरारीनंही तेवढंच रखडते. मग घरी येऊन तुमच्या फोटोसमोर उभी राहणार होती आणि म्हणणार होती, पाहा, उगाच जीव जाळला तुम्ही.

टॉप गिअर टाकला. तोंड जरासुद्धा हललं नाही. सायकलवाले मागे पडत गेले. पूल इतक्या लवकर आला की मला वाटलं, हा दुसराच कोणतातरी आहे. पुलापलीकडे ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि बंद केला. काका वाचला असता की नाही, देव जाणे. पण आपण दवाखान्यात पोचलो असतो, बाबा. तो जिता असताना पोचलो असतो.

घरी येऊन इंजिन बंद केलं, स्टेअरिंग एकदा डावीकडे उजवीकडे हलवून पाहिलं. माय दारातच. डोळ्यांनी कमी दिसते, कान मात्र शाबूत आहेत. "आता टक टक नाही आली," म्हणाली. मग हळूच विचारलं, "जोरात चालते का वं आता?"

मी म्हटलं, "नाही माय. पहिलेसारखाच."

तिच्याशी खोटं बोलली. तुम्हाला खोटं लिहवत नाही, म्हणून हा कागद फोटोसमोर ठेवणार नाही.