लेकी किती, माय?

साहेब, तुमच्या हाताखालून निघालो, लातूर सोडलं, नांदेडात स्वतःची वकिलीची पाटी लावली. पाटीवरची अक्षरं तुमच्या पाटीपेक्षा मोठी आहेत. लोकांच्या घरखरेदीचे कागद तपासून पोट बरं चाललंय. आज मात्र तुमची एक सवय आठवली, म्हणून लिहितोय.

कुणाचंही घर तपासायला घेतलं की तुम्ही तीस वर्षांचे दस्त बाजूला ठेवून आधी विकणाऱ्याच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकायचात. म्हातारीला विचारायचात, "लेकी किती, माय? कुठं कुठं दिल्या?" आम्ही ज्युनियर मागं खिदळायचो, साहेब सोयरीक जमवून राहिले म्हणून. एकदा मी नुसते कागद बघून रिपोर्ट लिहून आणला. तुम्ही न वाचताच परत सरकवलात. "घरात गेलतास? न्हाई? मग हे घराचं टायटल न्हाई, झेरॉक्सच्या दुकानाचं हाय."

घर घेणाऱ्या एका निवृत्त नर्सबाईंना मी तसंच, नुसते कागद बघून, मालकी साफ असल्याचं टायटल दिलंय. विकणाऱ्या वारसांच्या शपथपत्रात दोन भाऊ, खाली माझा शिक्का: निर्वेध, म्हणजे दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. उद्या रजिस्ट्री होती. बाईंनी भाड्याची खोली सोडलीय, देव्हाऱ्याचं मापसुद्धा घेऊन ठेवलंय. काल रजिस्ट्रीसाठी एका भावाचा फोटो राहिला म्हणून मी पहिल्यांदाच त्या घरात गेलो. पंचमीचा सण, आत एक बाई पुरणाचे दिंड उकडत होती. थोरला कौतुकानं म्हणाला, "ही आमची अक्का. जळकोटला दिलीय."

"शपथपत्रात यांचं नाव नाही," मी म्हणालो.

"तिचं काय तिथं? लग्नात केलं की सगळं!"

अक्कानं माझ्यापुढं ताटली ठेवली. "खावा, वकीलसाहेब. घर इकून राहिलेत व्हय? मला कुणी बोललं न्हाई."

ताटली तशीच ठेवून मी उठलो. तिची सही नाही म्हणजे तिचा वाटा शाबूत. तिनं दावा लावला तर नर्सबाईंचं म्हातारपण माझ्या शिक्क्यासकट कोर्टाच्या व्हरांड्यात. आणि असे शिक्के मी किती घरांवर मारलेत, कुणाला माहीत! स्वयंपाकघर एकही बघितलेलं नाही.

सकाळी बाईंना फोन करून रजिस्ट्री थांबवली. माझा रिपोर्ट चुकला, म्हणालो. त्या एवढंच म्हणाल्या, "सामान बांधलंय हो मी."

पोरगं सुधारलं असं समजू नका. तुम्ही हयात असतात, हे पत्र पाठवता आलं असतं, तरी पाठवलं नसतं. वडील गेल्यावर आमच्या घराच्या वारसांची यादी मीच टाइप केली, साहेब. धर्माबादला दिलेली ताई त्यात नाही. पंचमीला आलीय. स्वयंपाकघरात तिच्या बांगड्या वाजताहेत, चहाला दोनदा हाक मारून झाली, आणि मी अजून आत गेलेलो नाही.